एक जून

सावद्याच्या पुढे, रावेर रस्त्याला,
नेहेते ट्रान्सपोर्टच्या पत्र्याखाली
त्रेचाळीस ट्रक आणि एक मिस्त्री.
मी भुसावळहून आले ती सामानासकट :
एक सर्व्हर, एक राउटर, दोनशे मीटर केबल,
रबरी कव्हरातले सहा स्वस्त फोन.

सर्व्हर ठेवला भाऊंच्या केबिनीत,
कूलरचं पाणी उडणार नाही एवढा लांब,
जिथे आधी पावतीपुस्तकं होती.
वायफाय तिसऱ्या खड्ड्यापर्यंत जातं.
चौथ्या खड्ड्यात, गाडीच्या पोटाखाली,
फक्त रुबाब तडवी जातो.

त्याची वही लाल कापडाच्या बांधणीची.
तिच्यात गाड्यांना नंबर नव्हते.
बऱ्हाणपूरवाली. ठेंगणी. भाच्याची गाडी.
जिचा क्लच रडतो ती.
म्हटलं, चाचा, प्रत्येक गाडीला एकच ओळख लागते,
दुसऱ्या कोणाला नसलेली.
म्हणे, मंग तेच तं लिहिलंय.

तीन रात्री जागून मी बऱ्हाणपूरवालीला
एमएच एकोणीस केलं.
क्लच रडतो हे कुठे बसवू कळेना,
तेवढं राहिलं.

ग्रीसनं त्याच्या अंगठ्याच्या रेषा बुजलेल्या,
स्क्रीन त्याला माणूसच समजेना.
शेवटी करंगळी चालली.
एवढ्या मोठ्या हाताची करंगळी, 'ऑइल फिल्टर'वर
अलगद, कुंकू टेकवावं तशी.

रेंज नसली तरी भरत जा, मी सांगितलं,
फोन धरून ठेवेल आत,
रेंज दिसली की सगळं सोडेल.
हा, म्हणाला, म्हशीसारखं.
पारडू दिसल्याबिगर पान्हा नाही.
कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ह्याला अडीच पानं लागली आहेत.

जून निम्मा सरला, तरी पत्रा तापलेलाच.
एक फोन नऊ दिवस पान्यांच्या पेटीत मरून पडला.
चार्ज केल्यावर तो जागा झाला
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर साली,
आणि रुबाबचाचानं त्यातूनच एकतीस गाड्या भरल्या,
मग चहाला केबिनीपाशी आला.

पान्हा सुटला.

रात्री अकराला माझ्या उशाशी गजर :
एकतीस गाड्यांचं ऑइल
पन्नासहून जास्त वर्षं बदललेलं नाही.
तिकडे इंदूर बायपासला सुपडू ड्रायव्हरच्या फोनवर
लाल अक्षरात, 'गाडी थांबवा'.
त्यानं थांबवली. सोळा टन केळी मागे घेऊन
सकाळपर्यंत थांबला तो भला माणूस.
मोबाइलनं सांगितलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी भाऊ बोलले ते इथे लिहीत नाही.

मी खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून समजावलं :
चाचा, मशीनला तारीख ठाऊक नसली
की ते हीच सांगतं. मोजणी तिथून सुरू केलेली,
कोणीतरी, कधीतरी, सोयीसाठी.
तो वर आला. चिंधीला हात पुसले.
बिडीच्या डबीतून आधार कार्ड काढलं,
जन्मतारखेवर करंगळी ठेवली.
एक जून.
'गुरुजीनं टाकली. मायले ठाऊक नव्हती.
तिले येवढंच ठाऊक, ज्वारी निसवून राह्यली होती.'
मग त्या फोनकडे बघत, जरा मायेनंच,
'म्हंजे ह्याले भी कोणी गुरुजी भेटला.'

आता तारीख सर्व्हर घालतो, फोनला विचारत नाही.
जुन्या नोंदी आम्ही दोघांनी बसून सुधारल्या.
त्याला दिवस आठवत नव्हते,
पण बाजाराचा होता की उरुसाचा, हे आठवत होतं,
त्या दिवशी डब्यात काय होतं, हे आठवत होतं,
तेवढ्यावर तीस निघाल्या.

ठेंगणीची निघेना.
तो डोळे मिटून बसला, बॉनेटवर हात ठेवून बघितला,
नाही म्हणाला.
चौकट रिकामी सोडता येत नाही, तशी मीच बनवली आहे.
कर्सर लुकलुकत राहिला.

मी एक जून टाकली.

ऑडिटला कोणी विचारलंच
तर सांगेन, ज्वारी निसवत होती.